चालणं बंद करण्याचे खात्रीशीर उपाय

डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय ना? घाबरू नका. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम हालचाल करायला सांगते, आणि ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये 2024 साली आलेल्या अंदाजानुसार आपल्या देशातले जवळजवळ निम्मे प्रौढ तेवढीही करत नाहीत. म्हणजे बहुमत अगदी हाताशी आलंय. कोकण किनाऱ्यानं थोडं बसून घेतलं की झालंच.

अडचण एकच. आपले वाडवडील फार गैरसोय करून गेलेत. खालच्या वाडीतून वर जायला जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी, दोन गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, पाणंद, व्हाळावर म्हणजे ओढ्यावर साकव (छोटा पूल) आणि डोक्यावर आंब्या-फणसांची सावली. परदेशातल्या शहरांत असल्या वाटांना ग्रीनवे म्हणतात आणि त्यांनी माणसांची तब्येत किती सुधारली याचे अभ्यास होतात. आपल्याकडे माणसं देवळात, बाजारात, शाळेत जाता-येता नकळत चालायची आणि वाटेत कुणाशी तरी चार शब्द बोलून अर्धं दुखणं तिथेच टाकून यायची. हे थांबवायचं तर हात पाखाडीलाच घालायला हवा.

पायऱ्या उखडा आणि सिमेंटचा सरळ उतार करून टाका, म्हणजे स्कूटर थेट पडवीत. मिरगाचा पाऊस पडला की त्यावर शेवाळ धरतं, शेजारचे अण्णा घसरून कंबर धरतात आणि ‘तरी म्हटलं होतं, चालत जाऊ नका’ हे सांगायला आपण मोकळे. पाणंदीला तर खर्चही नाही. दर वर्षी गडगा वीतभर पुढे सरकवायचा. (ही विद्या कोकणात कुणाला शिकवावी लागत नाही.) समोरचाही तेच करत असतो. एकदा प्रकरण कोर्टात गेलं की वाट दोन पिढ्यांपुरती बंद.

इतकं करूनही कुणी चालताना दिसलाच, तर गाडी थांबवून काळजीच्या सुरात विचारा, “काय हो, गाडी बिघडली काय?” आणि मागे बसायचा आग्रह करा. चौथ्या दिवशी माणूस आपणहून किल्ली शोधतो. अनुभवाचे बोल आहेत. माझ्या घरापासून दुधाचं दुकान जेमतेम तीनशे पावलांवर. आठवडाभर पायी गेलो, तर आळीत माझ्या शुगरचा आकडा सगळ्यांना ठाऊक झाला, तोही शंभरानं वाढवून. आता दूध स्कूटरवरून येतं.

वाटा अशा बुजल्या की लोक ‘चालायला जागाच नाही’ म्हणून ओरडतील. तेव्हा सगळ्यात मोठ्यानं आपण ओरडायचं आणि वॉकिंग ट्रॅक मागायचा. मात्र जागा निवडताना डोकं शाबूत ठेवा. कॅनडात व्हँकुव्हरमधल्या कोमॉक्स रस्त्याला ग्रीनवे केलं, तेव्हा 300 मीटरच्या आत राहणाऱ्यांनी दिवसाला सरासरी 20 मिनिटं मध्यम व्यायाम गाठण्याची शक्यता दुपटीच्या आसपास गेली, असा अभ्यास 2019 मध्ये छापून आला. ही वाट घरापाशी असल्याची शिक्षा! आपला ट्रॅक गावापासून चांगला पाच किलोमीटरवर, सड्यावर म्हणजे वरच्या उघड्या कातळपठारावर हवा. शिवाय तो बाजाराला, शाळेला, एसटी स्टँडला चुकूनही जोडायचा नाही. जिथून सुरू झाला तिथेच संपला पाहिजे. गणपतीपुळ्यालाही लोक डोंगराभोवती प्रदक्षिणा घालतात, पण तिथे मधोमध देव आहे. आपण फायबरचा डॉल्फिन बसवू.

झाडांचं काय करायचं हे मुंबई-गोवा महामार्गाकडून शिकावं: वड आधी गेले, रस्ता मागाहून सावकाश. ट्रॅकच्या कडेला उंडी, ओवळ असली सावली धरणारी झाडं लावण्याचा मोह टाळा आणि बॉटल पाम लावा. त्याची सावली त्याच्या स्वतःच्या बुंध्यालाही पुरत नाही, त्यामुळे एप्रिलच्या उकाड्यात सकाळी नऊनंतर तिकडे कुणी फिरकत नाही. दिवे निम्मे बंद असू द्या, म्हणजे संध्याकाळनंतर बायका येत नाहीत. निम्मं गाव तिथंच वजा झालं. उघड्यावरची जिमची यंत्रं मात्र हवीतच. खाऱ्या वाऱ्यानं दोन पावसाळ्यांत ती गंजतात, पण तोवर त्यांच्याबरोबरचे फोटो निघालेले असतात.

घरातही सावध असा. अमेरिकेत रॉजर उलरिच यांनी 1984 मध्ये दाखवलं की पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत बघत पडलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले. तेव्हा खिडकीसमोरचा फणस ठेवण्यात धोका आहे. उगाच पडल्या पडल्या बरं वाटायला लागायचं.

आणि ते रोजच्या दहा हजार पावलांचं मनावर घेऊ नका. हा आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला, ते यंत्र खपवायला. तरीही मोबाइलवर तो दिसायलाच हवा असेल, तर फोन खिशात ठेवून खड्ड्यांच्या रस्त्यावरून स्कूटर दामटा. खड्डे कामाला येतील.

लोकार्पणाच्या दिवशी मात्र सगळ्यांनी यायचं. चालायला नाही, भाषणाला. येताना प्रत्येकानं आपापली गाडी आणावी, म्हणजे ट्रॅकवर गाड्या लावायला जागा नाही हे पाहुण्यांना डोळ्यांनी दिसेल आणि पार्किंगचं निवेदन तिथल्या तिथे देता येईल. मसुदा मी करून ठेवलाय. कुंपणालगतची दोन जुनी आंब्याची झाडं तेवढी आडवी येतात, पण ती पावसाळ्यात धोकादायक ठरतात असं पहिल्याच ओळीत लिहिलंय.