विंचू चावलेल्यांना पाठीतली भूल चढत नाही?

फिरणारा मेसेज असा: 'एकदा जरी विंचू चावला असेल तर पाठीतली भूल चढत नाही. विष रक्तात राहतं. डबल डोस द्यायला सांगा, नाहीतर पूर्ण भूलच मागा.'

पहिलं वाक्य अगदीच हवेतलं नाही. विंचू चावून गेलेल्या काही रुग्णांना भूल उशिरा चढली, अर्धवट चढली किंवा चढलीच नाही, अशा नोंदी भारतातल्या भूलतज्ज्ञांनी छापल्या आहेत. मेसेजने 'काहींना'चं 'सगळ्यांना' करून टाकलं.

विष रक्तात राहतं, हे मात्र चूक. ते प्रथिनांचं असतं, शरीर ते काढून टाकतं. विष मज्जातंतूंच्या सोडियम चॅनलला (संदेश पुढे नेणाऱ्या सूक्ष्म दाराला) बाहेरून चिकटतं, भुलेचं औषध त्याच चॅनलला आतून अडवतं. म्हणून शंका रास्त. पण दंशानंतर चॅनल कायमचे बदलतात किंवा अँटिबॉडी आड येतात, हे अजून तर्कच आहेत.

भूल फसण्याची रोजची कारणं वेगळीच. सुईचं तोंड मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाच्या अर्धं आत, अर्धं बाहेर राहिलं तर सुईतून मणक्यातलं पाणी येताना दिसतं, पण औषधाचा काही भाग बाहेरच जातो. सिरिंज जोडताना सुई हलते किंवा जोडातून गळतं. एकूण औषधच २-३ मिली, त्यातलं अर्धा मिली गेलं तरी फरक पडतो. हेवी बुपिवाकेन (पाठीत देतात ते भुलेचं औषध, मणक्यातल्या पाण्यापेक्षा जड) खाली बसतं, त्यामुळे मणक्याचा बाक आणि टेबलाचा उतार चुकला तर ते नको तिथे साचतं. कधी फक्त घाई नडते: पंधरा-वीस मिनिटं थांबायला हवं.

डबल डोसचा सल्ला सरळ धोक्याचा. अर्धवट चढलेल्या भुलेवर पुन्हा पूर्ण डोस दिला तर भूल हवी त्यापेक्षा वर, मानेकडे चढून रक्तदाब कोसळू शकतो, श्वास अडकू शकतो. हाताच्या ब्लॉकमध्येही (फक्त हात बधिर करणाऱ्या इंजेक्शनात) डबल डोस चालत नाही: बुपिवाकेनची मर्यादा साधारण २ मिग्रॅ प्रतिकिलो, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ०.५ टक्क्याचं २० मिली. त्यापुढे झटके येऊ शकतात, हृदय थांबू शकतं.

आणि पूर्ण भूल? भरल्या पोटी आलेल्या गरोदर बाईला तीच जास्त जोखमीची. तपासणीत एवढंच सांगा: विंचू कधी, किती वेळा चावला, दात काढताना इंजेक्शन देऊनही दुखलं होतं का. मग भूलतज्ज्ञ दुसरी तयारी आधीच ठेवतात. चिरा देण्याआधी स्पिरिटचा बोळा फिरवतात. सिझेरियनला तो छातीपर्यंत गार लागायला नको. लागला तर तिथल्या तिथे बोला.