बाँडचा सिनेमा पाहिला म्हणजे कादंबरी वाचली?

‘बाँडच्या कादंबऱ्या कशाला वाचायच्या? सिनेमात असतं तेच. पहिल्या पानापासून बाँड, जवळ करामती हत्यारं, शेवटी विजय आणि मिठीत सुंदरी.’ हे सगळीकडे छातीठोकपणे सांगितलं जातं. इयान फ्लेमिंगची मालिकेतली पाचवी कादंबरी, १९५७ ची ‘फ्रॉम रशिया, विथ लव्ह’, वाचली तर यातलं फारसं काही टिकत नाही. १९६३ चा सिनेमा कथानक बरंचसं जसंच्या तसं घेतो, त्यामुळे गफलत होते खरी.

पहिल्या पानापासून बाँड? अठ्ठावीस प्रकरणांपैकी पहिल्या दहांत तो येतच नाही. येते ती त्याची फाईल. मॉस्कोत सोव्हिएत हेरखात्यांचे प्रमुख बसलेत. कोणत्या देशाच्या हेरखात्याची अब्रू घालवायची यावर खल चाललाय. जो तो जपून बोलतो, कारण शब्द चुकला तर आपलीच फाईल उघडायची. बाँडला नुसतं मारायचं नाही, बदनाम करून मारायचं, असं ठरतं. साध्या सरकारी बैठकीतून इतकी दहशत उभी करणं फ्लेमिंगला पुन्हा क्वचितच जमलं. सिनेमाने डाव रचणाऱ्यांच्या जागी ‘स्पेक्टर’ ही खासगी टोळी आणली आणि ती दहशत गेली. (‘स्मर्श’, म्हणजे पुस्तकात हा डाव रचणारी सोव्हिएत हेरसंघटना, अजून चालू आहे, असं फ्लेमिंग सुरुवातीच्या टिपणात ठासून सांगतो. ती १९४६ मध्येच बंद झाली होती. तेवढी थाप सोडून द्या.)

हत्यारांचं म्हणणं अर्धं खरं. बाँडच्या बॅगेत सुरे आहेत, सोन्याची नाणी आहेत, आणि शेवटी त्यातलाच एक सुरा कामी येतो. पण त्याआधी ओरिएंट एक्सप्रेसमध्ये बाँड स्वतःचं पिस्तूल आपल्या हाताने ग्रँटला, म्हणजे ‘स्मर्श’ने पाठवलेल्या मारेकऱ्याला, देऊन बसतो, आपलाच माणूस समजून! ग्रँटचं हत्यार ‘वॉर अँड पीस’च्या प्रतीत दडवलेलं, बाँडचा जीव वाचतो तो छातीवर धरलेल्या पुस्तकात सरकवलेल्या सिगारेट केसमुळे. यात करामत कसली? प्रसंगावधान आणि नशीब.

आणि विजय? पॅरिसच्या रिट्झ हॉटेलात ‘स्मर्श’ची अधिकारी रोझा क्लेब बुटातलं विषारी पातं त्याच्या पायात खुपसते, बाँड जमिनीवर कोसळतो आणि पुस्तक तिथेच संपतं. तो जगला की मेला हे कळायला वाचकांना १९५८ च्या ‘डॉक्टर नो’पर्यंत थांबावं लागलं. सिनेमात ततियाना, म्हणजे बाँडला जाळ्यात ओढायला पाठवलेली रशियन तरुणी, क्लेबला गोळी घालते आणि जोडी व्हेनिसमध्ये नावेतून फिरते. सुरुवातीच्या दाव्यातली ‘मिठीत सुंदरी’ आली ती इथून.

रेल्वेच्या डब्यातली ग्रँटशी मारामारी मात्र पडद्यावरच पाहावी. पुस्तकातला ग्रँट मारायच्या आधी सगळा बेत सांगत बसतो, आणि फारच लांबण लावतो.