हेडलाईट फेविक्विकने पक्का होत नाही: फिरणाऱ्या मेसेजमधला एकेक मुद्दा

सध्या नागपुरात जो ग्रुप उघडा त्यात, सोसायटीचा असो की ऑफिसचा की नातेवाइकांचा, तोच एक मेसेज फिरून राहिला आहे. थोडक्यात मजकूर असा: कारचा हेडलाईट हलत असेल तर टेन्शन घेऊ नका, त्याचे प्लास्टिकचे कान (बोल्ट लावायला बाहेर आलेल्या पट्ट्या) तुटलेले असतात, बस. तुटल्या जागी फेविक्विक सोडा, वरून खाण्याचा सोडा भुरभुरवा, पक्का दगड होतो. तरी हलला तर मागे फोम नाही तर जुनं कापड कोंबा. स्क्रू जितके कसता येतील तितके कसा. फोकस-बिकस सेट करायची गरज नाही. आणि शोरूमवाले अख्खा हेडलाईट बदला म्हणतात ती लूट आहे.

घरी काही करूच नका असं मी म्हणणार नाही, उलट दहाचा पाना हातात धरता येणाऱ्या माणसाला यातलं बरंच काम पार्किंगमध्ये उभं राहून जमतं. पण या मेसेजमध्ये जे सांगितलंय ते केलं तर लाईट हलायचा थांबल्यासारखा दिसेल आणि रात्री समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जाईल, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

पहिला मुद्दा, "कान तुटलेले असतात, बस". हे बस नाहीये ना भाऊ. हेडलाईट हलतो म्हणजे नेमकं काय हलतं हे आधी शोधावं लागतं, कारण हलणाऱ्या जागा निदान चार आहेत आणि चौघींचा इलाज वेगळा. इंजिन बंद, बल्ब थंड, बोनेट उघडा. दोन्ही हातांनी पूर्ण हेडलाईट धरून हलकाच पुढे-मागे, वर-खाली करून पाहा आणि नजर काचेवर ठेवू नका, बोल्टांवर ठेवा. कोणत्या बोल्टापाशी फट उघडते-मिटते ते दिसतं. बऱ्याच गाड्यांत वर दोन बोल्ट, खाली किंवा बाजूला एक-दोन, आणि खालचा बोल्ट बंपर सोडवल्याशिवाय दिसतही नाही, त्यामुळे वरचे घट्ट आहेत म्हणून सगळंच घट्ट आहे असं धरू नका. पुष्कळदा कान शाबूत असतो, फक्त बोल्ट ज्याच्यात बसतो ती पत्र्याची क्लिप-नट सुटलेली किंवा आटे गेलेली असते, आणि ती बदलायला फार काही खर्च येत नाही.

आता समजा पूर्ण हेडलाईट जागचा हलत नाही, पण रात्री भिंतीवर उजेड थरथरतो. मग भानगड आत आहे. आधी बल्ब पाहा. मागचं रबरी झाकण काढा, एच-४ बल्ब असेल तर त्याच्या चकतीला तीन जीभा असतात आणि त्या एकाच पद्धतीने बसतात, वरून तारेची स्प्रिंग क्लिप अडकवायची. कोणीतरी घाईत बल्ब बदलताना ती तार अर्धवट लावतो आणि बल्ब आत डुलत राहतो, हे मी इतक्या गाड्यांत पाहिलंय की सगळ्यात आधी तिथेच हात घालतो. बाजारातून आणून लावलेले मागे पंखा असलेले एलईडी बल्ब तर जड असतात, त्यांचा होल्डर आणखी लवकर सैल होतो. (हॅलोजन बल्बच्या काचेला उघडा हात लावू नका, बोटाचं तेल लागलं की तिथेच तापून बल्ब लवकर जातो.)

बल्बही नीट बसलेला असेल तर तिसरी जागा, आतला रिफ्लेक्टर. तो छोट्या गोळ्या आणि वाट्यांच्या सांध्यांवर टेकलेला असतो, त्यातल्या दोन ठिकाणी फोकसचे स्क्रू आणि बऱ्याच गाड्यांत लेव्हलरची, म्हणजे उजेड वर-खाली करणारी, छोटी मोटर जोडलेली असते. यातली प्लास्टिकची वाटी फुटली की बाहेरून कितीही चिकटवा, आतला आरसा डुलतच राहणार. चौथी जागा म्हणजे ज्या पॅनलवर हेडलाईट बसतो ते पॅनलच. समोरून ठोकलेल्या गाडीत ते वाकलेलं असतं, बोनेट आणि हेडलाईटमधली फट एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी दिसली तर समजून जा, तिथे काम डेंटिंगवाल्याचं आहे.

आता फेविक्विक आणि खाण्याचा सोडा. सोड्याने फेविक्विक लगेच कडक होतो हे खरं आहे, त्यात जादू नाही, फेविक्विक म्हणजे सायनोअॅक्रिलेट, आणि सोड्यासारख्या अल्कलीने तो पटकन जमतो. व्हिडिओत म्हणूनच ते भारी दिसतं. पण हेडलाईटच्या मागचा काळा डबा कशाचा आहे ते कोणी पाहतं का? डब्यावर शोधलं तर बारीक उठावदार अक्षरांत प्लास्टिकचं नाव छापलेलं सापडतं, आणि पुष्कळ गाड्यांवर ते पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असतं, बरेचदा पुढे टॅल्क किती मिसळलाय त्याचा आकडा. पॉलिप्रॉपिलीनला हा गोंद वेगळा प्रायमर लावल्याशिवाय नीट धरतच नाही. ओळखीच्या एका काकांच्या गाडीवर असाच सांधा केलेला होता, कानाशी पांढुरका खरबरीत ढेकूळ, दिसायला मजबूत, आणि नखाने एका कडेला उचकला तर तो अख्खा थर पापुद्र्यासारखा निघून हातात आला, खालचं काळं प्लास्टिक जसंच्या तसं गुळगुळीत. म्हणजे तो चिकटलेलाच नव्हता, फक्त वर बसलेला होता.

आणि चिकटला असता तरी? गोंद आणि सोड्याचं ते मिश्रण कडक असतं पण ठिसूळ, आणि हेडलाईटच्या कानाला दिवसभर हादरे बसतात. आपल्याकडे सिमेंट रोडचे जोड, त्याच्या कडेला पेव्हर ब्लॉकची उतरंड, दर गल्लीत स्पीड ब्रेकर. वरून मे महिन्यात बाहेरच ४५ डिग्री, बोनेटखाली इंजिन, शेजारी रेडिएटर. हा गोंद साधारण ८० डिग्रीच्या पुढे ढिला पडायला लागतो, आणि वर्धा रोडवर ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीच्या बोनेटखाली काय तापतं ते हात लावलेल्या माणसाला विचारा.

एक नुकसान तर मेसेज लिहिणाऱ्याच्या ध्यानातही आलेलं दिसत नाही. या गोंदाची वाफ निघते आणि ती जवळच्या पृष्ठभागावर पांढरी धुरकट होऊन बसते. बल्बच्या भोकाजवळ किंवा हवेच्या नळीजवळ गोंद ओतला तर हा पांढरा थर आत रिफ्लेक्टरवर जातो. रिफ्लेक्टरवर अॅल्युमिनियमचा इतका पातळ मुलामा असतो की कापडाने पुसायला गेलं की मुलामाच निघतो. म्हणजे कान वाचवायला गेले आणि लाईट घालवला.

फोम आणि कापड कोंबण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. ५५-६० वॅटचा हॅलोजन बल्ब मागे किती तापतो हे रबरी झाकण काढून पाहिलं की कळतं, त्याच्यामागे कापड ठेवायचं नाही, विषय संपला. शिवाय डब्याला श्वास घ्यायला छोटं छिद्र असतं, ते बंद झालं की पावसाळ्यात आतून बाष्प धरतं.

स्क्रू जितके कसता येतील तितके कसणंही चूक. ते बोल्ट प्लास्टिकला धरतात, चाकाचे नट नाहीत ते. गोटी (सॉकेट पाना) लांब दांड्याला लावून जोर दिला की चांगला कान तिथेच तडकतो. हाताने टेकेपर्यंत फिरवा, मग छोट्या पान्याने थोडंसं, बस. आणि सगळे बोल्ट आधी सैल लावून घ्या, फटी बोनेटशी जुळल्या की मग एकेक घट्ट करा.

आता ज्या मुद्द्यावर माझा खरा राग आहे तो, "फोकस सेट करायची गरज नाही". हे वाक्य लिहिणाऱ्याने एकदा साधा हिशोब करावा. हेडलाईटवर किंवा बोनेटखालच्या पट्टीवर दिव्याचं छोटं चिन्ह आणि टक्क्यात आकडा छापलेला असतो, समजा १ टक्का. म्हणजे डिपरचा (लो बीमचा) उजेड दर १० मीटरला १० सेंटिमीटर खाली उतरला पाहिजे. आता डब्याचे पुढचे-मागचे बोल्ट २० सेंटिमीटर अंतरावर धरा आणि तुमच्या त्या ढेकळामुळे लाईटचं तोंड ५ मिलिमीटर वर उचललं गेलं. ५ मिलिमीटर म्हणजे डोळ्याला कळणारही नाही. पण २० सेंटिमीटरमागे ५ मिलिमीटर म्हणजे अडीच टक्के, १० मीटरवर २५ सेंटिमीटर. जो उजेड १० सेंटिमीटर खाली असायला हवा तो १५ सेंटिमीटर वर गेला. ५० मीटरवर तोच लाईटच्या उंचीपेक्षा ७५ सेंटिमीटर वर, म्हणजे लाईट जमिनीपासून ६५-७० सेंटिमीटरवर असेल तर उजेडाची कड १ मीटर ४० सेंटिमीटरच्या आसपास. समोरून स्कूटीवर येणाऱ्या बाईचे डोळे तिथेच असतात हो. तिला समोरचा खड्डा दिसत नाही, मागे बसलेलं लेकरू तिच्या भरवशावर आहे, आणि आपण डिपरवर आहोत म्हणून निवांत.

उलटं झालं, तोंड ५ मिलिमीटर खाली गेलं, तर उजेड साडेतीन टक्क्याने उतरतो आणि साधारण २० मीटरवरच जमिनीला लागतो. ताशी ८० ने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. उमरेड रोडला, काटोल रोडला रात्री रोही (नीलगाय) आडवा येतो तेव्हा तुमच्या हातात एक सेकंदही नाही. शहरात पथदिव्यांखाली हे कळत नाही, म्हणून लोक म्हणतात गरज नाही.

कायदाही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०६ वा नियम सांगतो की दिव्याचा झोत खाली वळवलेला हवा, इतका की दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणार नाही.

आणि ही सेटिंग घरी होते, पैसे लागत नाहीत. सपाट जमीन आणि भिंत पाहा, टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हरच्या सीटवर कोणाला तरी बसवा, डॅशबोर्डवर लेव्हलरचं बटण असेल तर शून्यावर. हेडलाईट भिंतीपासून १० मीटरवर येईल अशी गाडी उभी करा, जागा कमी असेल तर ५ मीटर. काचेवर बल्बच्या मध्याशी बारीक खूण असते, तिची जमिनीपासून उंची मोजा, भिंतीवर त्याच्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली आडवी टेप लावा (५ मीटरवर ५ सेंटिमीटर, आणि गाडीवर १.२ टक्के लिहिलं असेल तर त्या हिशोबाने). डिपर लावा, एका लाईटवर कापड धरून एकेक पाहा. आपण डावीकडून चालतो म्हणून उजेडाची कड उजव्या बाजूला सपाट असते आणि डाव्या बाजूला वर चढते, ती सपाट कड टेपवर आली पाहिजे आणि चढ जिथून सुरू होतो तो कोपरा लाईटच्या सरळ रेषेत. मागच्या फोकसच्या स्क्रूला अर्धा-अर्धा आटा देत आणा. स्क्रू पूर्ण फिरूनही कड टेपवर येतच नसेल तर समजा की डबा वाकडा बसलाय, बोल्टांकडे परत जा.

शेवटचा मुद्दा लुटीचा, आणि यात थोडं खरं आहे ते मान्य करतो. एक कान तुटला म्हणून अख्खा हेडलाईट बदलायलाच पाहिजे असं दर वेळी नसतं. काही कंपन्यांच्या गाड्यांना नुसत्या कानाचं रिपेअर ब्रॅकेट मिळतं, आधी ते विचारा. नाही मिळालं तर बंपर जोडणारा प्लास्टिक वेल्डिंगवाला गाठा, तो त्याच जातीचं प्लास्टिक वितळवून आत गरम स्टेपल घालतो, ते पीपीला धरतं. किंवा घरीच, जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) जाड पट्टी एल आकारात वाकवून डब्याच्या बाहेरच्या कडेला नट-बोल्ट आणि रुंद वॉशरने लावा, फक्त भोक डब्याच्या पोकळीत जाऊ देऊ नका, पाणी शिरेल. दोन कान तुटले असतील, आतली वाटी फुटली असेल किंवा काचेला तडा असेल तर मात्र बदला, त्यात कोणी तुम्हाला लुटत नाहीये. क्लेम करायचा विचार असेल तर पॉलिसी वाचा, साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात आणि वरून नो क्लेम बोनस जातो, झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी असेल तर हिशोब वेगळा. झेनॉन लाईट असेल तर स्वतः उघडूच नका, पेटताना त्यात हजारो व्होल्ट असतात.

पट्टी लावली, वेल्डिंग केलं, काहीही केलं, तरी आठवडाभर गाडी चालवून त्याच भिंतीसमोर परत उभी करा. कड टेपवरून हलली असेल तर बोल्ट बसताना सरकलाय, तो घट्ट करून फोकस पुन्हा लावा.