स्लॅबवरचे मजूर आणि एरिथ्रोमायसिन: एका प्रतिक्रियेला उत्तर

एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक जीवाणूच्या पेशीत कसं तयार होतं, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘पेशीतल्या एन्झाइम्सना स्लॅबवरच्या मजुरांची उपमा देणं म्हणजे विज्ञानाचं हसं करणं. शिकलेल्या माणसाने जरा बरी उपमा शोधावी.’ उत्तर देणार नव्हते, पण तो ‘बरी’ शब्द चार दिवस डोक्यातून जात नाहीये.

आधी माझी चूक. या औषधाची साखळी म्हणजे ‘प्रोपिऑनेटचे सात तुकडे’ (प्रोपिऑनेट हा तीन कार्बनचा छोटा रेणू), हे मी ढोबळ लिहिलं. पहिला तुकडा प्रोपिऑनिल-कोएचा (प्रोपिऑनेटचंच पेशीतलं वापरायला तयार रूप), पुढचे सहा मिथाइलमॅलोनिल-कोएचे (त्याचंच एक कार्बन जास्त असलेलं रूप), आणि ते जोडले जाताना दर वेळी एक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लेखात दुरुस्ती केली आहे. ही चूक दाखवल्याबद्दल आभार.

आता उपमा. माझे वडील गवंडी होते. स्लॅबच्या दिवशी शिडीवर माणसं ओळीने उभी राहायची आणि घमेलं खालून वर हातोहात जायचं. प्रत्येकाची जागा ठरलेली. मधला एक जण हलला की माल तिथेच अडायचा. एरिथ्रोमायसिन बनवणाऱ्या सॅकॅरोपॉलिस्पोरा एरिथ्रिया या जीवाणूत तीन अवाढव्य प्रथिनांवर सहा मॉड्यूल, म्हणजे एन्झाइम्सचे सहा संच, अशीच ओळीने असतात. प्रत्येकातल्या कॅरियर प्रोटीनच्या, म्हणजे साखळी धरून ठेवणाऱ्या भागाच्या, लवचिक हाताला साखळी लटकलेली असते, आणि प्रत्येक मॉड्यूल तिच्यात एक तुकडा घालून ती पुढच्याच्या हाती देतं. तिसरं मॉड्यूल साखळीतला कीटोन (कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेला ऑक्सिजन) तसाच ठेवतं, चौथं तो पार काढून टाकतं. शेवटच्या टोकाचं थायोएस्टरेज हे एन्झाइम साखळी सोडवून तिचं चौदा अणूंचं कडं करतं. साखरेचे रेणू त्या कड्यावर त्यानंतर चढतात.

ही नुसती सजावट वाटते तुम्हाला? केंब्रिजच्या पीटर लीडले यांच्या गटाने 1995 मध्ये ते थायोएस्टरेज उचलून पहिल्याच प्रथिनाच्या शेवटी बसवलं. साखळी दोन मॉड्यूलनंतरच सुटली आणि सहा अणूंचं छोटं कडं हाती आलं. रांग मध्येच तोडली की माल तिथेच उतरतो, हे माझ्या वडिलांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

आणि तुमच्या प्रतिक्रियेतलं ‘पुस्तकं वाचून लिहिणारे’ हे मला उद्देशून असेल तर ऐका. मी नऊ वर्षं फर्मेंटेशन प्लांटच्या लॅबमध्ये काढली आहेत. साखळीला कच्चा माल मिळावा म्हणून टाकीत एन-प्रोपॅनॉल हे अल्कोहोल बेताबेताने सोडायचो. नंतर मायक्रोकॉकस हा जीवाणू पसरलेल्या पिवळट प्लेटवर नमुन्याभोवती उमटलेलं स्वच्छ वर्तुळ, म्हणजे औषधाने जीवाणू वाढू न दिलेली जागा, मी व्हर्निअरने मोजायचे. रात्रपाळीत, डोळे चुरचुरत असताना. तुम्ही ते वर्तुळ कधी मोजलंय का, हे तुमच्या प्रतिक्रियेवरून तरी कळत नाही.

पिंपरीच्या मातीतून मिळालेल्या हॅमायसिन या बुरशीनाशक औषधाचा उल्लेख का नाही, असं विचारलंत. लेख फिलिपिन्समधल्या इलॉइलोच्या मातीतून आलेल्या जीवाणूवर होता, म्हणून नाही. मातीत ही प्रतिजैविकं इतर सूक्ष्मजीवांना मारण्याइतक्या प्रमाणात खरंच तयार होतात का, हा तुमचा दुसरा प्रश्न. तो वेगळा विषय आहे, त्यात आत्ता शिरत नाही.

तुमच्याकडे याहून चांगली उपमा असेल तर जरूर पाठवा, तुमच्या नावानिशी लेखात घालीन. मजुरांची मात्र काढणार नाही.