आधी कॅमेरा की आधी आरसीसीबी? नव्या फ्लॅटवरून कट्ट्यावर पेटलेला वाद

सुहासला चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा ताबा मिळाला. घरात बायको, तीन वर्षांची मुलगी आणि आई. इंटिरियरचा खर्च वाढल्यामुळे उरलेल्या पैशांत डिजिटल लॉक आणि दोन कॅमेरे एवढंच बसवायचं, असं तो म्हणाला आणि वादाला तोंड फुटलं.

बाळ्या सुतारकामातला. तो म्हणाला, "आधी दार तरी बघ. बिल्डरने बिजागऱ्यांना आणि चौकटीवरच्या लॅचच्या पट्टीला एक इंची स्क्रू मारलेले असतात. जोरात धक्का बसला की कुलूप शाबूत राहतं, पट्टी उखडते. सगळे स्क्रू दोन-अडीच इंची कर. चौकट भिंतीत होल्डफास्टने, म्हणजे भिंतीत पुरलेल्या लोखंडी पट्ट्यांनी, धरलीय का तेही विचार. नुसत्या फोमवर बसवली असेल तर चार इंची फास्टनर मारून घे."

"आणि किल्ली?"

"ती रंगारी, टाइल्सवाला, प्लंबर सगळ्यांच्या हातून फिरलीय. पण अख्खं कुलूप बदलायची गरज नाही, किल्ली जाते तो आतला सिलिंडर बदल. दाराच्या कडेला लॅचखाली एक लांब स्क्रू असतो, तो काढायचा. किल्ली घालून थोडीशी फिरवायची, सिलिंडरची मधली छोटी जीभ सरळ झाली की तो बाहेर येतो. स्क्रूच्या भोकापासून दोन्ही टोकांपर्यंतचं माप वेगवेगळं घे, कारण ३०-३० आणि ३०-४० मिलिमीटरचे सिलिंडर वेगळे. बाहेरच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त डोकावला तर पकडीने मोडता येतो. आणि बाहेर पडताना दार नुसतं ओढून जाऊ नका, लॅचची तिरकी जीभ पातळ पट्टीनेही सरकते. किल्ली फिरवून बोल्ट टाका."

दत्ता वायरिंगची कामं घेतो. तो इतका वेळ गप्प होता. "चोर येईल न येईल, गीझर रोज लागणार आहे. डीबीत, म्हणजे घराच्या मुख्य स्विचांच्या पेटीत, आरसीसीबी आहे का? करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच तो. एमसीबी, म्हणजे लोड वाढला की पडणारा स्विच, वायर वाचवते, माणसाला नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचीच आरसीसीबी हवी. १०० किंवा ३००ची असेल तर ती आगीसाठी."

"बिल्डरने बसवलीय," सुहास म्हणाला.

"आणि इन्व्हर्टरवाल्याने?"

इथे दत्ता बराच वेळ बोलला, आणि त्याचं बोलणं रास्त होतं. आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, हे बघते. इन्व्हर्टर बसवताना फेज आरसीसीबीच्या आधीच्या बाजूने घेतला आणि दिव्या-पंख्यांचा न्यूट्रल आरसीसीबीनंतरच्या जुन्याच पट्टीवर राहिला, की हिशेब जुळत नाही आणि ती सारखी पडते, म्हणजे वीज तोडते. मग वायरिंग नीट करण्याऐवजी आरसीसीबीच बायपास केली जाते. घरच्यांना पत्ताही लागत नाही. योग्य काम म्हणजे इन्व्हर्टरवरच्या लाइनींचा न्यूट्रल वेगळ्या पट्टीवर घ्यायचा, त्या पट्टीला स्वतंत्र ३०ची आरसीसीबी लावायची आणि दोन्ही न्यूट्रल कुठल्याही स्विचबोर्डात एकमेकांना भिडू द्यायचे नाहीत.

"घरी कसं कळणार?"

"आरसीसीबीचं टेस्ट बटण दाब, इन्व्हर्टरही बंद कर. तरी एखादा दिवा किंवा सॉकेट चालू राहिला तर तो संरक्षणाबाहेर आहे. बटण महिन्यातून एकदा दाबायचंच. पण त्याने अर्थिंग कळत नाही. गीझरच्या सॉकेटवर वायरमनला फेज आणि अर्थिंगमध्ये टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन तारा जोडलेला बल्ब, धरायला सांग. आरसीसीबी झटक्यात पडली पाहिजे. ती पडली नाही आणि दिवाही लागला नाही, तर अर्थिंगची तारच जोडलेली नाही."

गॅस गीझरचा विषय नितीनने काढला. तो बाथरूममध्ये कधीच नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ड्राय बाल्कनीत चालेल, असं ठरता ठरता बाळ्या म्हणाला की ड्राय बाल्कनीला स्लायडिंग लावून बंद करायला हवं, पाइपवरून तिथूनच चढतात.

"मग गीझर पुन्हा बंद खोलीतच आला!" नितीन चिडला. "चोरासाठी बंद केलेलं घरच्यांच्या जिवावर येता कामा नये. तिथे ग्रिल लाव, काच नको." गॅस डिटेक्टर बसवणार असशील तर एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीपासून फूटभर वर, आणि पाइप गॅस हलका, म्हणून छताखाली फूटभर, हेही त्याने सांगितलं.

खरं भांडण झालं ते ग्रिलवरून. नितीनला बेडरूमच्या ग्रिलला दोन बाय अडीच फुटांची उघडणारी झडप हवी. पॅसेजमध्ये धूर भरला तर मुख्य दाराने निघता येत नाही, अग्निशमन दलाला खिडकीतून माणूस काढायला जागा लागते. बाळ्याच्या मते झडप म्हणजे ग्रिलमधली सर्वांत कच्ची जागा. नितीन म्हणाला, बिजागऱ्या वेल्डिंगच्या आणि कुलूप आतून लाव, किल्ली खिडकीतून हात पोचणार नाही पण मोठ्या माणसाला अंधारात सापडेल अशा खुंटीवर ठेव. ती किल्ली दुसऱ्या कशालाही वापरायची नाही.

सेफ्टी डोअरलाही तोच नियम: दोन्हीकडून किल्ली लागणारं कुलूप नको, आत फिरवायचा नॉब हवा. "जाळीतून हात घालून नॉब फिरवतील," बाळ्या. "नॉबमागे पत्रा मार," नितीन. "आणि पोरगी उघडून जाईल," सुहास. त्यावर पाच फुटांवर एक साधी कडी, हे तिघांनाही पटलं.

मुलीसाठी ग्रिलचे गज उभे, फट चार इंचांपेक्षा कमी. आडव्या पट्ट्या नकोत, त्यावर पाय देऊन मूल चढतं. कुंड्यांचा स्टँड आणि वॉशिंग मशीन कठड्यापासून दूर.

झडपेवर मात्र बाळ्या शेवटपर्यंत तयार झाला नाही. निदान गज १२ मिलिमीटरचे भरीव घे आणि बिजागरीची पिन दोन्ही टोकांना वेल्ड करून घे, एवढ्या अटीवर तो थांबला. सुहासने माप घ्यायला फॅब्रिकेटरला फोन लावला, आणि दत्ताला रविवारी टेस्ट लॅम्प घेऊन यायला सांगितलं.