खांदे मागे आवळून बसा म्हणणारा तो फॉरवर्ड

परत फिरतोय तो मेसेज. म्हणे ट्रॅपेझियस (थोडक्यात ट्रॅप, मान-खांद्यामागचा मोठा स्नायू), लॅट (लॅटिसिमस डॉर्सी, पाठीचा रुंद स्नायू) वगैरे पाठीवरचे त्वचेलगतचे स्नायूच मणका ताठ धरतात, ते ढिले पडले की पोक येतं, म्हणून दिवसभर खांदे मागे आवळून बसा. वर ट्रॅप फक्त खांदे उडवायला, लॅट फक्त बॉडी दाखवायला, मानेखालची गाठ म्हणजे साचलेलं टॉक्सिन, आणि शेवटी काढ्याची जाहिरात!

पहिलं म्हणजे मणका. हे स्नायू मणक्यापासून सुरू होतात हे खरं, पण जाऊन चिकटतात कुठे ते बघा ना. ट्रॅपेझियस कवटीच्या मागच्या उंचवट्यापासून छातीच्या 12व्या मणक्यापर्यंत पसरलेला, पण त्याचं दुसरं टोक कॉलरबोनवर आणि खवाट्यावर, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडावर. ऱ्हॉम्बॉइड आणि लेव्हेटर स्कॅप्युली हे शेजारचे स्नायू पण खवाट्यावरच, लॅट तर कमरेपासून निघून काखेतून थेट दंडाच्या हाडाला. राहतात पाठीवर भाडेकरूसारखे, नोकरी मात्र खांद्याची नि हाताची. मणका धरणारे मुख्य गडी त्यांच्या खाली दडलेत, इरेक्टर स्पायनी आणि मल्टिफिडस. त्यांच्या नसासुद्धा वेगळ्या, खोलच्यांना मणक्यातल्या नसेची मागची फांदी, वरच्यांना पुढच्या फांद्यांतून, आणि ट्रॅपला तर चक्क मेंदूची 11वी नस.

ट्रॅप फक्त खांदे उडवायला? मग माळ्यावरचा डबा काढताना हात डोक्यावर जातो कसा? 180 अंशांतले साधारण 60 अंश खवाटा फिरल्यामुळे मिळतात आणि तो फिरवतात ट्रॅपचा वरचा नि खालचा भाग, सोबत बरगड्यांवरचा सेरेटस हा स्नायू. मानेच्या ऑपरेशनमध्ये ती 11वी नस दुखावली तर खांदा खाली लोंबतो, हात वर नेणं अवघड होतं.

लॅटचं थोडक्यात. मल्लखांबावर चढणारी पोरं, पोहणारे, कुबड्या घेऊन चालणारे, सगळ्यांचं वजन हाच ओढतो. काखेच्या मागच्या घडीवर बोटं ठेवून जोरात खोका, आवळलेला कळेल.

आणि खांदे आवळून बसणं... ऱ्हॉम्बॉइड खवाटे मागे ओढतात, कबूल, पण कुठलाही स्नायू आठ तास आवळून धरला तर दुखणारच की! पोक काढून बसलं म्हणजे पाठ दुखणारच असं काही पक्कं गणित पण नाही. अधूनमधून उठा असं फॉरवर्डमध्ये एका ओळीत लिहिलंय, तेवढं मात्र बरोबर.

राहिली ती मानेखालची गाठ. लोक बोट ठेवतात ते बहुतेक वेळा खवाट्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्यावर, तिथे लेव्हेटर स्कॅप्युली चिकटतो, मानेच्या वरच्या 4 मणक्यांपासून येऊन. मान वाकवून तासन्तास मोबाईल बघितला की तो कुरकुरतो, त्यात टॉक्सिन-बिक्सिन काही साचलेलं नसतं. शेकून बरं वाटतं तर शेका ना, काढ्याचे पैसे कशाला घालवताय?