‘तीन ऑलिम्पिक, पदक शून्य’: विकास कृष्णवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बॉक्सर विकास कृष्णच्या कारकिर्दीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. तिथेच दोन ओळींत उत्तर देऊन भागेना, म्हणून ही वेगळी पोस्ट. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तीन ऑलिम्पिक खेळून ज्याने एकही पदक आणलं नाही त्याला भारताच्या सर्वोत्तम हौशी बॉक्सरांमध्ये बसवणं ही भाटगिरी आहे. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपल्या पोराला सरळसरळ लुटलं आणि मी मात्र तो निकाल ‘नियमाला धरून’ म्हणून मोकळा झालो. मधेच तो डॉलरच्या मागे अमेरिकेला गेला आणि जमलं नाही म्हणून परत आला. आणि एवढी शाई खर्च करायचीच होती तर अमित पंघालवर करायची.

भाटगिरी हा शब्द झोंबला, पण असो. लंडनपासूनच सुरू करतो, कारण तुमचा सगळा राग तिथे आहे.

3 ऑगस्ट 2012, 69 किलो वजनगट. समोर अमेरिकेचा एरॉल स्पेन्स. दोघेही डावखुरे. तीन मिनिटांची एक अशा तीन फेऱ्या. पहिल्या दोन फेऱ्यांत विकास सरस होता आणि आघाडी घेऊनच तो शेवटच्या फेरीत उतरला. ती फेरी यूट्यूबवर सापडली तर आवाज बंद करून बघा, म्हणजे समालोचकाचा उत्साह मधे येणार नाही. स्पेन्स पुढे येतो, विकास एखादा ठोसा मारतो आणि लगेच त्याचे हात काखेत अडकवून धरतो. पंच येऊन सोडवतात. पुन्हा तेच. घड्याळ पळत राहतं. गुणफलकावर 13-11, विकास विजयी. भारतात लोक जिंकल्याच्या बातमीवर झोपले आणि हरल्याच्या बातमीवर उठले.

मधल्या तासांत अमेरिकेने तक्रार केली होती. ज्यूरीने चित्रण पाहिलं आणि सांगितलं की एकट्या तिसऱ्या फेरीत विकासने नऊ वेळा पकडलं, शिवाय दुसऱ्या फेरीत गमशील्ड, म्हणजे दात वाचवायला तोंडात घालतात ते कवच, मुद्दाम थुंकलं. या सगळ्याबद्दल रिंगमधल्या पंचाने ताकीद द्यायला हवी होती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे एका ताकिदीचे दोन गुण प्रतिस्पर्ध्याला जायचे. किमान चार गुण स्पेन्सचे झाले आणि निकाल फिरला 15-13.

यात लूट कुठे आहे? पकडणं खरं होतं, ताकिदीचा नियम खरा होता, गणितही बरोबर. ‘आपला’ म्हणून नऊच्या जागी शून्य मोजायचं असेल तर मग बोलणंच खुंटलं. हां, माझी तक्रार आहे, पण ती वेगळी. त्या स्पर्धेत पकडापकडी रोजच चालली होती. ती रात्री चित्रफीत लावून एकाच लढतीत मोजायची आणि बाकीच्यांत सोडून द्यायची, याला न्याय म्हणणं जड जातं. दोनच दिवस आधी जपानच्या शिमिझूने अझरबैजानच्या बॉक्सरला एकाच फेरीत सहा वेळा खाली पाडलं होतं आणि तरीही विजयी हात दुसऱ्याचाच वर गेला होता. तो निकाल तक्रारीनंतर फिरवावा लागला, पंचाला घरी पाठवावं लागलं. जागतिक संघटनेची अब्रू तेव्हा वेशीवर टांगलेली होती आणि ती उतरवून घेण्याच्या घाईत तक्रारी तपासल्या जात होत्या. आपल्या सुमित सांगवानचा एका गुणाने झालेला पराभव मात्र तसाच राहिला, तिथली तक्रार फेटाळली. सुमितसाठी तुम्ही ‘लूट’ म्हणाला असतात तर मी मान डोलावली असती.

आणि निकाल टिकला असता तरी पदक खिशात नव्हतं. पुढच्या फेरीत रशियाचा झामकोव्हॉय होता. त्याने स्पेन्सलाही हरवलं आणि शेवटी कांस्यपदक नेलं.

आता मूळ मुद्दा, पदकाचा. बॉक्सिंगमध्ये उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्यपदक मिळतं. म्हणजे उपांत्यपूर्व फेरी जिंकली की पदक पक्कं. पण तिथे पोहोचायला किती लढती लागतात हे वजनगटात किती जण आहेत आणि ड्रॉमध्ये नाव कुठे पडलं यावर ठरतं. 2016 ला रिओमध्ये 75 किलो गटात विकासने अमेरिकेच्या चार्ल्स कॉनवेलला हरवलं, मग तुर्कीच्या सिपालला हरवलं. दोन्ही निकाल 3-0. तिसऱ्या लढतीत उझबेकिस्तानच्या बेक्तेमिर मेलिकुझिएव्हने त्याला 0-3 ने रोखलं. दोन विजय, पदक नाही. मेरी कोमने लंडनमध्ये दोन लढती जिंकल्या, कांस्य. लव्हलिनाने टोकियोत दोन जिंकल्या, कांस्य. कृपा करून याचा अर्थ ‘मेरी कोमचं पदक स्वस्तातलं’ असा काढू नका, नाहीतर पुढची पोस्ट त्यावर लिहावी लागेल. लव्हलिनाने उपांत्यपूर्व फेरीत तैवानच्या माजी जगज्जेतीला हरवलं होतं, ते काही सोपं काम नाही. सांगायचं एवढंच की तुम्ही ज्या खणात ‘शून्य’ लिहिता आणि ज्या खणात ‘एक’ लिहिता, त्या दोहोंत जिंकलेल्या लढती सारख्याच आहेत.

म्हणून माझी मोजण्याची रीत निराळी आहे. जुने पैलवान दुसऱ्याची कुस्ती जोखताना आधी विचारतात, ‘जोड कोण होता?’ विकासच्या हरलेल्या लढतींना तोच प्रश्न विचारून बघा. 2011 ला बाकूच्या जागतिक स्पर्धेत उपांत्य फेरीत त्याला युक्रेनच्या तारास शेलेस्त्युकने हरवलं, शेलेस्त्युक त्या स्पर्धेचा विजेता. लंडनमध्ये स्पेन्स, जो पुढे व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वेल्टरवेटचे तीन पट्टे एकत्र करून बसला आणि 2023 मध्ये टेरेन्स क्रॉफर्डने ते काढून घेईपर्यंत अपराजित होता. 2014 ला इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत कझाकस्तानचा झानिबेक अलिमखानुली, तेव्हाचा जगज्जेता आणि नंतर व्यावसायिक मिडलवेटचाही विजेता. रिओत मेलिकुझिएव्ह, त्या ऑलिम्पिकचा रौप्यविजेता. टोकियोत जपानचा ओकाझावा, जो काही महिन्यांतच जगज्जेता झाला. यात एक नाव ‘कोण बुवा हा?’ म्हणण्यासारखं काढून दाखवा.

आणि जिंकलेल्या बाजूला काय आहे तेही तुमच्या प्रतिक्रियेत आलं नाही. 2010 हे एकच वर्ष घ्या: युवा जागतिक स्पर्धेत सुवर्ण, सिंगापूरच्या युवा ऑलिम्पिकमध्ये कांस्य आणि वर्ष संपता संपता ग्वांगझूला थेट मोठ्यांच्या आशियाई स्पर्धेत 60 किलोत सुवर्ण. अंतिम लढत चीनच्याच हू छिंगशी, चीनच्याच प्रेक्षकांपुढे, 5-4. भिवानीच्या क्लबमधून आलेला हा पोरगा तेव्हा अठरा वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी नऊ किलो वरच्या गटात जाऊन त्याने जागतिक कांस्य आणलं. विजेंदरनंतर असं पदक आणणारा तो दुसराच भारतीय पुरुष. मग 2014 आणि 2018 च्या आशियाई स्पर्धांत कांस्य, 2018 ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण. आशियाई आणि राष्ट्रकुल अशी दोन्ही सुवर्णं त्याच्याआधी एकाही भारतीय पुरुष बॉक्सरकडे नव्हती. त्याच वर्षी सोफियाच्या स्ट्रँडजा स्पर्धेत त्याने सुवर्ण तर घेतलंच, वर सर्वोत्तम बॉक्सरचा मानही घेतला. ही स्पर्धा आपल्याकडे टीव्हीवर दिसत नाही म्हणून किरकोळ समजू नका. पूर्व युरोपातले बॉक्सर तिथे हंगामाच्या सुरुवातीला दात-ओठ खाऊनच उतरतात.

हे सगळं कोणत्या काळात झालं तेही बघा. लंडन संपलं आणि डिसेंबर 2012 मध्ये आपल्या बॉक्सिंग महासंघावर जागतिक संघटनेने बंदी घातली. निवडणुकीतला घोळ. मग नवीन संघटना आली, तीही मोडली, शेवटी सध्याचा महासंघ उभा राहिला तो रिओ आटोपल्यावर, सप्टेंबर 2016 मध्ये. विकासची वीस ते चोवीस ही वर्षं म्हणजे नेमका हा काळ. लंडनला आपले आठ बॉक्सर गेले होते, रिओला तीन. त्या तिघांतला तो एक होता आणि तिघांत सर्वांत पुढे तोच गेला.

त्यातच खेळाचे नियमही पायाखालून सरकले. लंडनपर्यंत पंच यंत्राची कळ दाबून ठोसे मोजायचे, म्हणजे हलका पण स्वच्छ ठोसा मारून मागे सरकणाऱ्याचं राज्य. 2013 पासून प्रत्येक फेरीला दहा गुणांची पद्धत आली, पुढे जाऊन दबाव टाकणाऱ्याला भाव आला. आणि पुरुषांच्या डोक्यावरचं हेडगार्ड गेलं. या शेवटच्या गोष्टीचा विकासच्या कारकिर्दीशी थेट संबंध आहे. हेडगार्ड गेलं की डोक्याला डोकं लागून भुवई फाटते. व्यावसायिक बॉक्सरला पुढच्या लढतीपर्यंत महिने मिळतात, तोवर जखम भरते. हौशी स्पर्धेत पुढची लढत एक-दोन दिवसांत. टाके ओले, वर सकाळी डॉक्टर भुवई तपासणार. 2018 ला जकार्तात विकास उपांत्यपूर्व लढत जिंकला तो फाटलेल्या डोळ्यानिशी, आणि उपांत्य फेरीत त्याला उतरूच दिलं नाही. 2020 ला अम्मानमध्ये ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेच्या अंतिम लढतीतूनही डोळ्याच्या जखमेमुळेच माघार. तुमच्या यादीत ही दोन्ही ‘सुवर्ण हुकली’ म्हणून पडतात.

आता डॉलर. तो अमेरिकेला गेला, बरोबर. व्यावसायिक लढती भरवणाऱ्या बॉब अरमच्या टॉप रँक कंपनीशी करार केला. जानेवारी 2019 मध्ये पहिली लढत न्यूयॉर्क राज्यातल्या व्हेरोनात, दुसऱ्या फेरीतच आटोपली. एप्रिलमध्ये दुसरी, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, क्रॉफर्ड आणि ब्रिटिश बॉक्सर आमिर खानच्या लढतीच्या दिवशी, सहा फेऱ्या, तिन्ही पंचांचा कौल त्याच्या बाजूने. दोन लढती, दोन विजय. ‘जमलं नाही’ हे कुठून आलं? तो परतला तो टोकियोसाठी, आणि रिओपासून व्यावसायिकांना ऑलिम्पिकचं दार उघडं असल्यामुळे परत येण्यात आडकाठीही नव्हती. सव्वीस वर्षांच्या बॉक्सरने दोन पैसे कमवायचं ठरवलं तर आपल्या पोटात का दुखावं, हे मला खरंच कळत नाही. उलट पैसा सोडून तो पुन्हा अशा खेळात आला जिथे लढतीच्या दिवशी सकाळी वजन द्यावं लागतं. तेही 75 वरून 69 किलोवर. वजन द्यायच्या आदल्या दिवशी हे लोक पाणी मोजून पितात, अंगात प्लास्टिकचा सूट घालून धावतात, आणि हे एकदा करून भागत नाही, प्रत्येक लढतीला करावं लागतं.

तुम्हाला टीकाच करायची होती तर ताश्कंद हाताशी होतं. 2017 ची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा. उपांत्य फेरीत विकास उतरलाच नाही, कोरियाच्या बॉक्सरला पुढे चाल मिळाली आणि महासंघाला चौकशी लावावी लागली. त्याचा बचाव मी मूळ लेखात केला नाही, आजही करत नाही. मोठ्या स्पर्धेत असं वागणं शोभत नाही. पण ते तुमच्या प्रतिक्रियेत नव्हतं, कारण गुणतक्त्यात ते नुसतं ‘कांस्य’ म्हणून दिसतं. फक्त पदकं मोजली की हे असं होतं: सोफिया दिसत नाही आणि ताश्कंदही दिसत नाही.

ओकाझावाचं थोडं राहिलं. मार्च 2020 मध्ये अम्मानला उपांत्यपूर्व फेरीत विकासने याच ओकाझावाला 5-0 असं एकतर्फी हरवलं आणि टोकियोचं तिकीट काढलं. विजेंदरनंतर तीन ऑलिम्पिक गाठणारा तो दुसरा भारतीय बॉक्सर ठरला. मग महामारीने ऑलिम्पिक एक वर्ष पुढे ढकललं. 24 जुलै 2021 ला पहिल्याच लढतीत समोर पुन्हा ओकाझावा, आणि निकाल 0-5. विकासचा खांदा दुखावलेला होता, एका हाताने तो जवळजवळ बचावच करत होता, डोळ्याखालून रक्त येत होतं. दुखापत घेऊन उतरायला हवं होतं का, यावर वाद घालता येईल आणि मला वाटतं उतरायला नको होतं. पण वर्षभर तयारी केलेला माणूस ऐन दिवशी प्रशिक्षकांना ‘खांदा दुखतोय, मी उतरत नाही’ असं सांगेल ही अपेक्षा आपण घरी बसून करतो.

राहिला अमित पंघाल. लिहिणार आहे, नक्की. 2018 च्या आशियाई स्पर्धेत रिओच्या सुवर्णविजेत्या दुस्मातोव्हला हरवून सुवर्ण, 2019 ला जागतिक रौप्य, जे आजवर दुसऱ्या भारतीय पुरुषाला मिळालेलं नाही, 2022 ला राष्ट्रकुल सुवर्ण. टोकियोला तो अव्वल मानांकित होता आणि पहिल्याच लढतीत हरला. पॅरिसलाही पहिल्याच लढतीत हरला, ज्या झांबियाच्या बॉक्सरला त्याने राष्ट्रकुलमध्ये हरवलं होतं त्याच्याकडून. दोन ऑलिम्पिक, विजय शून्य. तेव्हा लेख लिहायला घेण्याआधी एवढं कळवा की त्याला तुमच्या फूटपट्टीने मोजू की माझ्या.